रात्री साडेआठला घरी कशी येशील?

अगं, काल फोनवर तू एका दमात विचारलंस, "ताई, मुंबईत कुठे राहू?" आणि मी "बघू, सांगते" म्हणून फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, ताईला वेळ नाही. तसं नव्हतं गं. तुझ्या यादीत पहिलंच नाव नालासोपाऱ्याचं दिसलं, मला माझी तिथली खोली आठवली आणि घाईघाईत काही सांगून टाकावंसं वाटेना. आता जेवणंखाणं उरकून निवांत बसले आहे. सगळं नीट सांगते. वाटलं तर आई-अण्णांनाही वाचून दाखव.

तुझी यादी समोर आहे. नालासोपाऱ्याला वन आरके, एकटीला. डोंबिवलीत आत्याच्या बिल्डिंगमध्ये एक खोली. कलिन्यात कॉट बेसिस, एका खोलीत तिघी. आणि माझ्या जवळ, मुलुंडला, काही मिळालं तर. ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. प्रत्येकाच्या पुढे तू भाडं लिहिलंस आणि नकाशात बघून किलोमीटर लिहिलेस. ते किलोमीटर आधी खोडून टाक. सोलापुरात सात रस्त्यापासून जुळे सोलापूर किती लांब, हे अंतरावरून कळतं. स्कूटर काढली की पोचलो. इथे अंतर मिनिटांत मोजतात आणि ती मिनिटंही गाडी फास्ट की स्लो, स्टेशनच्या पूर्वेला राहतेस की पश्चिमेला, पुलावर किती गर्दी आहे, रिक्षाची रांग कुठवर गेली आहे, यावर बदलत राहतात.

मी २००९ मध्ये इथे आले तेव्हा ऑफिस लोअर परळला होतं. एजंटने नालासोपारा पूर्वेला खोली दाखवली, ती रविवारी दुपारी. "स्टेशनपासून दहा मिनिटं," म्हणाला. खोलीत छान ऊन येत होतं, मोरी स्वच्छ होती, भाडं माझ्या पगारात बसत होतं. मी हो म्हणून टाकलं. सोमवारी कळलं की ती दहा मिनिटं शेअर रिक्षाची होती आणि रिक्षा मिळेपर्यंतची रांग त्यात धरलेलीच नव्हती. सकाळी गाडी विरारहूनच भरून यायची. संध्याकाळी लोअर परळला धीम्या गाड्या थांबतात म्हणून विरार फास्टसाठी आधी दादरला यायचं, तिथे दोन गाड्या सोडायच्या आणि तिसरीत कसंबसं शिरायचं.

हे सगळं मी निभावत होते. पण जुलैतल्या एका रात्री गाड्या उशिरा धावत होत्या. नालासोपाऱ्याला उतरले तेव्हा पावणेअकरा वाजून गेले होते. वीज गेलेली, रिक्षा एकही नाही, गल्लीत गुडघ्याएवढं पाणी. आमच्या रस्त्यावरची दुकानं नऊलाच बंद व्हायची. भिंतीला हात लावत लावत घरी आले आणि ओल्या कपड्यांनीच दाराशी बसून राहिले. रडू त्या पाण्यामुळे आलं नाही. मी पोचले नसते तर सकाळी ऑफिसात हजेरी लागेपर्यंत कुणाला कळलंही नसतं, हा विचार मनात आला आणि मग आवरेना. शेजारच्यांना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. सात महिन्यांत मी त्यांच्याशी बोलले तरी कधी होते? घरी पोचायचे तेव्हा त्यांची दारं लागलेली असायची.

नालासोपाऱ्याला मी नावं ठेवत नाही हं. तिथे लाखो माणसं संसार करतात, मुलं शिकवतात. माझं ऑफिस बोरिवली-कांदिवलीला असतं तर कदाचित मी अजूनही तिथेच असते. चूक माझी होती. मी खोली बघितली, भाडं बघितलं, आणि परत येताना काय होईल हे बघितलंच नाही. सकाळी जाताना माणसाच्या अंगात जोर असतो, ऑफिस गाठायचंच असतं, त्यामुळे जाणं कसंही होतं. दमलेल्या अंगाने, अंधारात, पावसात परत यायचं असतं तेव्हा घर कुठे आहे ते खरं कळतं. तुला एकच विचारते, आणि प्रत्येक जागेपुढे हा प्रश्न लिहून ठेव: जुलै महिन्यात, रात्री साडेआठला ऑफिस सुटलं, तर तू या घरी कशी येशील?

आता तुझ्या यादीकडे येऊ.

नालासोपाऱ्याहून बीकेसी म्हणजे वांद्र्याला उतरून पुढे बस किंवा रिक्षा. कलिन्यात राहिलीस तर त्या मानाने दिवसाचे तीन तास सहज वाचतात. महिन्याचे चोवीस दिवस धर, बहात्तर तास झाले. नालासोपाऱ्यात भाड्याचे पाच हजार वाचले असं समजलं, तरी तासाला सत्तर रुपयेसुद्धा पडत नाहीत. आणि त्या तासांत तू झोपली असतीस, वरणभात केला असतास, आईशी बोलली असतीस. पैसे वाचवायचे आहेत हे मला समजतं, अण्णांच्या औषधांचा खर्च मलाही माहीत आहे. पण हे पाच हजार तू अंगातून काढून देणार आहेस.

आणि बयो, गर्दीचं मी भीती घालायला सांगत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलच्या दारातून माणसं रुळांवर पडली, त्यांतली काही गेली. कामाला निघालेली साधी माणसं होती. म्हणून जागा बघायला गेलीस की एकदा सकाळी साडेआठला त्या स्टेशनवर नुसती उभी राहा. तिथून डब्यात आत जाता येतं का, की रोज दारात लटकावं लागेल, ते डोळ्यांनी बघ. एक गाडी सोडून दुसरीत शांतपणे शिरता येत असेल तर चालेल. तीन-तीन सोडाव्या लागत असतील तर ती जागा कितीही चांगली असो, नको.

डोंबिवलीचा आग्रह आईचा आहे, कळलं मला. आत्या जवळ, सगळीकडे मराठी, पोळी-भाजी केंद्रं गल्लोगल्ली, सावित्रीबाई फुले कलामंदिरात नाटकं. शिवाय सोलापूरला जायला सोयीचं. सिद्धेश्वर एक्सप्रेस कल्याणला थांबते, तिथून डोंबिवली दोन स्टेशनं. डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाड्याही आहेत, त्यांत बसायला मिळू शकतं. पण बीकेसीसाठी कुर्ल्याला उतरायचं. कुर्ला म्हणजे मध्य आणि हार्बर दोन्हींची गर्दी एका पुलावर. पश्चिमेला बाहेर आलीस की बीकेसीच्या बसची आणि शेअर रिक्षाची रांग. एक वेळचा दीड तास धरून चाल. आत्याचा आधार मोठा आहे, तो मी कमी लेखत नाही. मात्र रोज नऊ-साडेनऊला दमून येशील तेव्हा आत्याशी किती बोलशील? तिच्याकडे शनिवारी जा, मुक्कामाला राहा, तिच्या हातचं जेव. ते नातं जास्त टिकेल.

"आपली माणसं" या शब्दावर मला जरा थांबायचं आहे, कारण आईला नेमकी त्याचीच काळजी आहे आणि ती बरोबर आहे. नालासोपारा सोडून मी विलेपार्ले पूर्वेला एका आजींकडे पेइंग गेस्ट राहिले. भाडं जास्त, खोली लहान, रात्री दहाच्या आत यायचं. मला टायफॉइड झाला तेव्हा त्या आजींनी तीन आठवडे मऊ भात आणि मुगाचं पाणी दिलं, समोरच्या काका-काकूंनी रक्ताचे रिपोर्ट आणून दिले. त्या तीन आठवड्यांमुळे मी त्या जास्तीच्या भाड्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. पण नंतर मुलुंडला आमच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब आणि एक कच्छी आजोबा होते, आणि माझी तितकीच विचारपूस त्यांनीही केली. तेव्हा भाषा बघ, पण त्याआधी हे बघ की त्या जिन्यात माणसं एकमेकांशी बोलतात का. दारं दिवसा उघडी असतात का. मुलं खाली खेळतात का. तू दोन दिवस दिसली नाहीस तर कुणी बेल वाजवेल का.

ते एका भेटीत कसं कळणार म्हणशील. कळतं. मी तरी असं करते. जागा पसंत पडली की एजंटला घरी जायला सांगायचं आणि आपण गल्लीत तासभर घालवायचा. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे जा. कोणत्या फ्लॅटमध्ये मुली राहतात, कोण वर्षानुवर्षं टिकतं, कोण चार महिन्यांत निघून जातं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. कुठल्या घरमालकाने निघताना डिपॉझिट अडवलं तेही तो सांगेल. वॉचमनला विचार, टँकर येतो का. डेअरीवाल्याला विचार, पावसात इथे पाणी कुठवर चढतं. त्याच्या फ्रिजखालच्या विटाच तुला सांगतील. आणि हे सगळं रात्री नऊनंतर. स्टेशनपासून घरापर्यंत पायी चाल, एकटी. मेडिकल उघडं आहे का, फळवाला बसलेला आहे का, मध्ये एखादा अंधारा पट्टा आहे का. तो पट्टा पन्नास पावलांचा असला तरी रोज तुझ्या पोटात गोळा येणार आहे. उजेडातून जाणाऱ्या रस्त्यासाठी पाचशे-हजार जास्त द्यावे लागले तर दे.

पाण्याची किंमत मी तुला काय सांगू! चार-पाच दिवसांआड नळ येतो त्या गावात आपण वाढलो, हंडे-पिंपं भरून ठेवायची सवय तुला आहे. मुंबईत महापालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं, मग सोसायटी ते टाकीत चढवून सोडते. जिथे टाकी लहान तिथे सकाळी आठनंतर नळ कोरडा. म्हणून "पाणी आहे का" असं विचारू नकोस, त्याला सगळे हो म्हणतात. "पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं" असं विचार. आणि तुझी आंघोळ त्या वेळात बसते का ते बघ.

आता कलिना. मला हा पर्याय आवडला, आणि तुला तो सगळ्यात कमी आवडला आहे हेही कळलं, कारण तिघींत एक खोली. विद्यापीठ तिथेच असल्यामुळे मुलींची राहायची सोय बरीच आहे, खाणावळी आहेत, रात्री रस्त्यावर माणसं असतात. बीकेसी अगदी लागून, बसने जाशील. एकच अट: तळमजला घ्यायचा नाही. मिठी नदी तिथून लांब नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कलिना-कुर्ल्याचे कितीतरी भाग पाण्याखाली गेले होते. तेव्हा मी सोलापुरात होते, टीव्हीवर बघितलं. पुढे २९ ऑगस्ट २०१७ चा पाऊस मात्र मी अंगावर घेतला. गाड्या बंद, मुलुंडला जायचा प्रश्नच नाही. लोअर परळहून दादरपर्यंत पाण्यातून चालत आले आणि एका मैत्रिणीच्या घरी रात्र काढली. गणपतीचे दिवस होते, वाटेत मंडळांची पोरं मांडवात बोलावून चहा-बिस्किटं देत होती. त्या रात्रीपासून मी एक नियम पाळते: ऑफिस आणि घर यांच्या मध्ये रात्री दार ठोठावता येईल असं एक तरी घर माहीत पाहिजे. तू नवी आहेस, तुझं असं घर अजून नाही. म्हणून पहिल्या पावसाळ्यात तरी तू ऑफिसपासून चालत पोचता येईल एवढ्या अंतरावर राहावंस असं मला वाटतं.

मेट्रोमुळे नकाशाच बदलला आहे, तेही सांगते, कारण ऑफिसातले लोक तुला दहा वर्षांपूर्वीचे सल्ले देतील. आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो तीन टप्प्यांत सुरू झाली, शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये, आणि तिचं स्टेशन बीकेसीतच आहे. त्यामुळे गिरगाव, दादर आता बीकेसीला एका गाडीने जोडले गेले आहेत. गिरगावातल्या जुन्या इमारतीत एखादी चांगली खोली मिळाली तर मी नाही म्हणणार नाही, पण तिथे जिने लाकडी, इमारती थकलेल्या. दुरुस्ती कधी झाली ते विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. आणि मुलुंडहून येणाऱ्यांना दुसरी वाट मिळाली. घाटकोपरला उतरायचं, वर्सोव्याची मेट्रो धरून मरोळ नाक्याला यायचं, तिथे गाडी बदलून बीकेसी. कुर्ल्याचा पूल टळतो. तिकिटाला जास्त पडतं, पण पावसात हीच वाट सोपी वाटते मला. मध्य रेल्वेवर जागा घेशील तर एवढं लक्षात ठेव की ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर इथे बहुतेक फास्ट गाड्या थांबतात आणि नाहूर, कांजूरमार्गला फक्त स्लो. भाड्यात फरक का पडतो ते यातच आलं. नवी मुंबईही वाईट नाही, रस्ते मोकळे, मोरबे धरणामुळे पाण्याची बाजू भक्कम. पण हार्बरवर फास्ट गाडीच नाही आणि शेवटी पुन्हा कुर्लाच.

एक गोष्ट तुला टोचेल, म्हणून आधीच सांगते. "बॅचलर चालणार नाहीत", "नॉनव्हेज चालणार नाही", "मित्र येणार नाहीत ना?" असं तुला तोंडावर विचारतील. एका सोसायटीच्या कमिटीने मला बसवून लग्न कधी करणार असं विचारलं होतं. मी तेव्हा गप्प बसले आणि पुढे वर्षभर त्या जिन्यातून मान खाली घालून गेले. तू गप्प बसू नकोस आणि खोटंही बोलू नकोस. मटण खातेस तर खाते म्हण. रात्री उशिरा येशील तर तेही सांग. ज्या घरात पहिल्याच दिवशी लपवावं लागतं तिथे परत यावंसंच वाटत नाही, मग ते स्टेशनला लागून का असेना.

कागदाचं थोडक्यात. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे, तेव्हा "कशाला, अकरा महिन्यांचंच तर आहे" असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. डिपॉझिट रोख देऊ नकोस, बँकेतून दे. आत शिरताना भिंती, नळ, पंखा, गीझर सगळ्यांचे फोटो काढ आणि त्याच दिवशी मालकाला पाठव. मी काढले नव्हते. निघताना भिंतीच्या ओलीचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून गेले. ती ओल माझ्या आधीची होती.

तर मला वाटतं ते असं. आता कलिना, सहा महिने, तिघींत. वन आरकेचा हट्ट आत्ता नको. एकटीच्या खोलीचं सुख मला माहीत आहे, ते तुला मिळावं असं मलाही वाटतं, पण या शहरात पहिल्यांदा ताप येईल तेव्हा शेजारच्या कॉटवर कुणीतरी असावं. त्या सहा महिन्यांत तुला ऑफिस खरं किती वाजता सुटतं ते कळेल, आपलं माणूस म्हणावं अशी एखादी मैत्रीण मिळेल, आणि मग दोघी मिळून भांडुप-मुलुंडकडे जागा बघा. मी इथेच आहे. तेव्हा तू मला सांगशील, कुठली गल्ली बरी.

अगं, बायकांच्या डब्याला घाबरू नकोस. आधी धक्के बसतील, कुणी खेकसेल. मग एक दिवस समोरची बाई विचारेल, "कुठे उतरणार?" आणि तुझं स्टेशन ऐकून स्वतःची सीट तुझ्या नावावर करेल. मला माझी सगळ्यात जवळची मैत्रीण सकाळच्या आठ सतराच्या गाडीतच भेटली. २०१७ च्या त्या रात्री दादरला मी तिचंच दार वाजवलं होतं.

शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर पकड. रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा शनिवारचा दिवसच आपल्या हातात आहे. पहाटे कल्याणला उतर, मी प्लॅटफॉर्मवर असेन. सामान एकच बॅग आण, बाकीचं जागा ठरल्यावर अण्णा पाठवतील. शेंगाचटणी मात्र विसरू नकोस, आणि कडक भाकरी जास्त आण, तुझ्या खोलीतल्या दोघींनाही लागेल. सकाळी कलिन्याला जाऊ, गल्लीत फिरू, खाणावळीत जेवू. मग घरी येऊन जरा पड, आणि रात्री साडेआठला बीकेसीच्या दारातून आपण दोघी पुन्हा तिकडे चालत जाऊ.